नुसत्या हातांनी

खंडेनवमीला निगडीच्या गॅरेजात सगळी हत्यारं पूजेला मांडलेली. गाडीतला बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरलाही हळदकुंकू लागलेलं. आज त्यांना हात लावायचा नाही. नेमकी तेव्हाच ती हायब्रिड गाडी आली. तिचा बिघाडाची सूचना देणारा पिवळा दिवा चार गॅरेजांनी विझवला होता, चारही वेळा तो परत लागला होता.

मेकॅनिक वर्षालीने नुसत्या हातांनी मागच्या सीटजवळची जाळी काढली. बॅटरीला हवा देणारी वाट कुत्र्याच्या केसांनी बुजली होती. ती मोकळी होताच दिवा विझला.

"मानलं गं पोरी तुला!" मालक जयसिंगभाऊ ओरडले.

वर्षाली हसत वळली. आवारात बारा गाड्या बंद उभ्या होत्या. किल्ल्या पूजेच्या पाटावर होत्या. तरी एकेकीत पिवळा दिवा लागत गेला, नंबर लावल्यासारखा.

"एकेकीने या," वर्षाली म्हणाली.

पहिलीचं दार आपसूक उघडलं.