सात कंपन्यांचा एक फोन

"सात कंपन्या आणि सगळ्यांचा फोन नंबर एकच? पनवेलमध्ये बोगस कंपन्यांचं पीकच आलंय!" मुंबईतल्या प्रदर्शनासाठी उद्योजक निवडायला आलेल्या साहेबांनी अर्जांचा गठ्ठा बाजूला सारला. आभाच्या अंगाचा तिळपापड झाला. टपाल नाक्याजवळच्या आवारात तिनं एकटीनं स्टॅबिलायझर बनवायला घेतले होते. तिचं बघून आणखी सहाजणांनी तिथंच छोटे कारखाने थाटले. नव्या फोनसाठी सगळेच वर्षानुवर्षं रांगेत होते. तोवर दामलेकाकूंच्या झेरॉक्सच्या दुकानातला फोन सातजणांना पुरत होता. तिनं साहेबांच्या टेबलावरचा फोन ओढून तोच नंबर फिरवला. "बोला, कोणाला हाक मारू?" पलीकडून काकूंचा खणखणीत आवाज आला. आभानं रिसीव्हर साहेबांच्या हातात कोंबला. "सातजणांतला जो बोगस वाटतो त्याचं नाव सांगा. हातातलं काम टाकून धावत येईल. त्यानं धापा टाकत 'हॅलो' म्हटलं, की म्हणा त्याला बोगस!"