ओळखीचा हात

होटगीत दुपारी शहाजीआण्णा रेडिओवर कीर्तन ऐकत पडले होते. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटीवर तारा पाठवण्यात घालवलेली. बुवा रंगात आले, तोच टाळ एकाएकी तारेच्या भाषेत वाजू लागले: बुडतोय, धावा!

तार पाठवणाऱ्याचा हात नुसत्या ठोक्यांवरून ओळखू येतो. हा हात आण्णांचा स्वतःचाच होता.

"काय वो, देव दिसल्यावानी काय बगताय?" बायको गोजाबाई म्हणाल्या.

हाक आली की उत्तर द्यायचं, हा बोटीवरचा धर्म. आण्णांनी खाटेवर बोटानं ठोकलं: कुठं आहेस?

टाळ म्हणाले: मागच्या खोलीत. नात जवळ हाय. पाणी गळ्याला लागलंय.

"वैष्णवी कुटं हाय?"

"मागं झोपलीय की!"

आण्णांनी धावत जाऊन दार ढकललं. ते हललं नाही. पलीकडं पाणी डचमळत होतं, आणि दाराच्या फळीवरची इवल्या बोटांची ठकठक मंदावत चालली होती.