चुन्याच्या रेघा

फरीदाबादच्या कारखान्याचा फुटबॉल संघ तीन वर्षं सगळीकडे मार खात होता. रविवारच्या निवडचाचणीत चांगला खेळाडू मिळाला नाही तर संघच मोडीत काढू, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. निवृत्त झालेल्या तात्यारावांचा जीव त्या संघाशिवाय कशातच रमत नव्हता. रविवारी सकाळीच ते बायकोला घेऊन मैदानावर हजर झाले.

मैदानात ताज्या चुन्याच्या रेघा पाहून त्यांचा ऊर भरून आला. "बघितलंस, कुसुम? साहेबांनी यंदा मनावर घेतलंय! आता तो मुनिरक्याचा उंच गोलकीपर घेतला की झालं."

"अहो, गोल अडवून कुणी जिंकतं का? तो बल्लभगडचा डावऱ्या पायाचा मुलगा घ्या. तुमचा उंच तर नुसता खांबासारखा उभा असतो."

"अगं, त्याचं कामच ते!"

वाद चांगलाच पेटला. शेवटी तात्याराव तरातरा आत गेले, दोन रेघा मिळत होत्या तिथे हात पसरून उभे राहिले आणि ओरडले, "हा असा उभा राहिला, तर बॉल जाईल कुठून? सांग ना!"

तेवढ्यात काखेत नकाशाची गुंडाळी आणि हातात चुन्याची बादली घेतलेला एक माणूस धावत आला.

"बाबूजी, ज़रा हटिए. आप फ्लैट नंबर चार के किचन में खड़े हैं."