चमकणारी गाठ

ऑपरेशनआधी नवऱ्याला एक औषध पाजलं होतं. त्याने मेंदूतली गाठ निळ्या उजेडात गुलाबी चमकते आणि डॉक्टर चमकेल तेवढं काढून टाकतात, हे बायकोने नणंदेला नीट समजावलं होतं. तरी भावाला खोलीत आणल्याबरोबर नणंदेने पडदे ओढले, दिवा घालवला आणि त्याच्या बँडेजला जवळजवळ नाकच लावलं.

"वहिनी, दादा चमकत नाहीये गं!" तिने गळा काढला.

"अहो वन्सं, नाही चमकत तेच बरं! डॉक्टर म्हणाले, आत आता मिट्ट काळोख आहे. कणभरसुद्धा उरलं नाही."

एवढं बोलून बायको नवऱ्याकडे वळली. गाठ बोलण्याच्या भागाला चिकटलेली होती, वाचा जाऊ शकते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शुद्धीवर येऊनही नवऱ्याने अजून तोंड उघडलं नव्हतं.

तिने अंधारात चाचपडत त्याचा हात धरला. "अहो, काहीतरी बोला ना."

त्याचे ओठ हलले. दोघी खाली वाकल्या.



"जन्मात एकदाच डोक्यात प्रकाश पडला होता... तोही काढून टाकलात?"