शिट्टीनंतर

शिट्टी वाजली. नव्या मॅनेजरने मैदानाच्या गेटाला आतून कडी घातली आणि तो वळला, तोच मागून हाक आली.

"दाजी, उघडा ना."

सगळा संघ जागच्या जागी थांबला. गजांपलीकडे संघाचा स्ट्रायकर उभा होता, म्हणजे मॅनेजरच्या बायकोचा धाकटा भाऊ. मोसमातले निम्मे गोल एकट्या त्याचे. मैदानावर तो मॅनेजरला कटाक्षाने सर म्हणायचा, पहिल्याच दिवशी दोघांचं तसं ठरलं होतं. आज मात्र त्याने सगळ्यांच्या देखत नातं काढलं होतं, आणि तेही चांगलं मोठ्याने.

नियम मॅनेजरचाच. शिट्टीनंतर येईल त्याने सराव बाहेरून बघायचा आणि पुढचा सामना बाकावरून. रुजू झाला त्या दिवशी त्याने हे ठासून सांगितलं, तेव्हा पोरांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. मग गेल्या आठवड्यात संघातला सगळ्यात जुना गोलकीपर, ज्याला सगळे काका म्हणत, डुलत डुलत उशिरा आला. काका मॅनेजरपेक्षा वयाने मोठे, आणि दुसरा धड गोलकीपर संघात नाही. मॅनेजर विरघळला. त्याने कडी काढली आणि वचक तिथेच गमावला. दुसऱ्या दिवसापासून पोरं चहा संपवून, जग जिंकल्यासारखी रमतगमत येऊ लागली. आधी त्याला पाठीमागे हेडमास्तर म्हणत. आता तोंडावर म्हणू लागली. आणि गेल्या सामन्यात अर्धा तास उरलेला असतानाच सगळ्यांनी पळणं सोडून दिलं.

रविवारचा सामना शेवटचा होता. निदान बरोबरी तरी हवी होती. हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता आणि मॅनेजर घरी.

या सरावाच्या आदल्या रात्री जेवताना त्याने बायकोला सांगून टाकलं होतं, उद्या जो उशिरा येईल त्याची गय नाही. बायको म्हणाली होती की ज्याला अडवाल तो म्हणेल, काकांना सोडलं, उद्या मेहुण्यालाही सोडाल, मीच तेवढा सापडलो का? मेहुणा त्यांच्याकडेच राहायचा. तो समोर बसून खाली मान घालून जेवत होता.

"बघू आता हेडमास्तर काय करतात," काका शेजारच्याला म्हणाले, आणि मॅनेजरला ऐकू जाईल असंच म्हणाले.

या पोराला बसवलं तर रविवारी गोल कोण करणार? आणि घरी काय तोंड दाखवायचं? त्याचा हात कडीपाशी गेला. मग तो हात त्याने खिशात घातला.

"इथे कुणी दाजी नाही," तो म्हणाला. "रविवारी तू बाकावर."

मेहुण्याने हुज्जत घातली नाही. धावतपळत आलेल्या माणसासारखा तो दिसतही नव्हता. कपाळावर घामाचा टिपूस नाही, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या. तो वळून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला, तेव्हा त्याच्या जर्सीच्या पाठीवर चुन्याचा पांढरा पट्टा दिसला. कुठेतरी टेकून गप्पा छाटत बसला असणार, असं मॅनेजरच्या मनात आलं आणि तो आणखी भडकला.

त्या दिवशी सगळ्यांनी पूर्ण सराव केला. शनिवारी शिट्टीच्या कितीतरी आधी सगळे हजर होते, काका तर सगळ्यांच्या पुढे. हेडमास्तर हा शब्द कुठे ऐकू आला नाही. घरी मात्र बायकोने अबोला धरला. ती ताट वाढायची आणि आत निघून जायची. त्याला वाईट वाटत होतं, पण शब्द मागे घ्यायचा नाही हे त्याने पक्कं केलं होतं.

रविवारी अकराच्या अकरा जण जीव तोडून खेळले. गोल काही झाला नाही, तो करणारा बाकावरून पाण्याच्या बाटल्या पुरवत होता. पण शेवटपर्यंत एकानेही पळणं सोडलं नाही, आणि अगदी अखेरचा फटका काकांनी अंगावर घेतला. सामना बरोबरीत सुटला आणि संघ वाचला. काकांनी चिखलाचा हात पुढे करून म्हटलं, "सर, जमलं." मॅनेजरने तो हात दोन्ही हातांत घेतला.

घरी आल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. तिने सरळ विचारलं, की त्या दिवशी तुम्ही जिना उतरलात आणि तुमच्या मागोमाग तोही निघाला. मग त्याला उशीर झालाच कसा?

मॅनेजर तसाच गॅलरीत गेला. मेहुणा खाली बसून बूट पुसत होता. वर दोरीवर त्याची जर्सी वाळत होती. पाठीवरचा चुना धुऊनही पुरता गेला नव्हता. मॅनेजरने विचारलं, त्या दिवशी तू होतास कुठे?

मेहुण्याने बूट खाली ठेवला.

"गेटाशेजारी, भिंतीला टेकून," तो म्हणाला. "तुमच्या शिट्टीची वाट बघत होतो, दाजी."