बारा फुटांवर

चेंबरचं झाकण उचललं आणि प्लंबर एक पाऊल मागे सरला. सांडपाणी काठोकाठ आलं होतं.

"दोन महिन्यांत तिसऱ्यांदा," सून नाकाला रुमाल लावून म्हणाली. नवरा कामावर गेला होता. बाथरूममध्ये घोटाभर घाण पाणी साचलं होतं.

"तळणीचं तेल सिंकमध्ये ओतता?"

"छे! डब्यात भरून कचऱ्यात देते."

"ओले टिश्यू, कापूस, केसांचे गुंतवळ? घरात लहान मूल?"

"मूल नाही." तिने आवाज खाली आणला. "सासरे आहेत. मागच्या वेळी आलेल्या माणसाने पाइपातून काळ्या चिंध्या काढल्या होत्या."

मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेल्या अण्णांचे कान मात्र शाबूत होते.

"मीच टाकल्या असणार," ते म्हणाले. "आठवत नाही. पण दुसरं आहे कोण घरात?"

तीनही वेळा त्यांनी हेच सांगितलं होतं. सुनेने तोंडावर कधी आरोप केला नाही. संडासाच्या दारामागे फक्त एक कागद चिकटवला, 'इथे काहीही टाकू नये.' तो कोणासाठी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. मग एके दिवशी अण्णांनीच विषय काढला. स्मरणशक्ती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था गावाबाहेर होती. "मला तिथे ठेवा. तुमचं घर तरी स्वच्छ राहील." मुलाने आठवडाभर हो-ना केलं आणि शेवटी फॉर्म भरला. येत्या शनिवारी जायचं होतं. अण्णांची बॅग भरून तयार होती.

प्लंबरने लवचीक सळई पाइपात सरकवली. बारा फुटांवर ती अडली. त्याने पिळा दिला, ओढली, पुन्हा पिळा दिला. तो घामाघूम झाला. शेवटी सळईच्या टोकाला तपकिरी, ओला, भलामोठा झुबका आला.

"हे केस?" सून दचकली.

"मुळं." त्याने कुंपणाजवळच्या झाडाकडे बोट केलं. "पाइप जुना, मातीचा. सांधा उकलला की मुळं ओलाव्यामागे आत शिरतात. मग साधा कागदसुद्धा त्यांच्यात अडकतो."

"आणि त्या चिंध्या?"

त्याने झुबक्यातून एक काळा, चिकट पेड उपसून काढला. "अशाच ना? ही सुतळी. पूर्वी डांबरात बुडवून सांध्यात ठासायचे. मुळांनी ती आत ढकलली. घरातल्या कोणी काही टाकलेलं नाही, ताई."

तेवढ्यात चेंबरमधून डुर्रर्र आवाज आला. पाणी गरगर फिरलं आणि झपाट्याने खाली गेलं.

अण्णा खुर्चीवरून उठले. "काय म्हणालात? परत सांगा."

त्यांना ऐकू येत नसावं असं वाटून प्लंबर ओरडला, "तुमची काही चूक नाही, आजोबा! झाडाची आहे!"

शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. ऐकू दे सगळ्या गल्लीला, असं सुनेला वाटलं. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "शनिवारचं रद्द करून टाक. आत्ताच्या आत्ता." ती आत गेली, दारामागचा कागद टराटरा फाडला आणि परत येऊन अण्णांसमोर उभी राहिली. माफी कुठून मागायला सुरुवात करावी हेच तिला कळेना.

अण्णांनी खिशातून एक छोटी वही काढून तिच्या हातात दिली.

पानापानावर तारखा होत्या, वेळा होत्या. 'सकाळी ७.१०. गेलो. हात रिकामे. काही टाकलं नाही.' 'दुपारी १.४०. गेलो. काही टाकलं नाही.' दोन महिन्यांत एकही दिवस सुटला नव्हता.

"अण्णा, हे एवढं लिहून ठेवलं होतंत! मग दर वेळी कबूल का केलंत?"

"अगं, लिहिणारा मीच ना? म्हटलं, लिहितानाही चुकत असेन."

त्यांनी वही परत घेतली, पेन उघडलं आणि आजच्या तारखेखाली सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं, 'वही खरी होती.'