मागची घंटी

तोंडात टाचण्या धरून शिंप्याचा जन्म गेला, त्यामुळे बोलणं बायकोच्याच वाट्याला. पण डॉक्टरांनी बजावलं, "रक्तदाबाच्या या गोळ्यांनी कितीही दमलात तरी नाडी फारशी वाढणार नाही, मनगटी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. बोलता येईल इतक्याच जोरात सायकल चालवा." तेव्हापासून बायको मागच्या सायकलवर पहारेकरी: नवरा गप्प झाला की घंटी! आज टेकडीच्या चढणीवर पायांना चेव आला आणि जीभ थांबली. घंटी खणखणली. त्यानं वेग आवरला, पण बोलायचं काय? घाईघाईत पोटातलंच ओठावर आलं. "तू गिऱ्हाईक होतीस ना, तेव्हा ब्लाउजच्या बाह्या मी मुद्दाम आखूड शिवल्या. परत यावीस म्हणून!" "अगं बाई! आणि नंतर गळा सैल झाला तो?" "तोही मुद्दामच!" माथा आला, उतार लागला. आता बोलायची सक्ती नव्हती. तरी मागून घंटी थांबेचना. "अहो, बोला पुढं!"